अंतःस्रावी ग्रंथी आणि गर्भारशीचे ताट

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणावरून)



विषय मोठा आहे, आणि मागे हळदीकुंकवाची तबके सजत असलेली मला येथून दिसत आहेत. तेव्हा साऱ्या ग्रंथींचे पुराण मी लावणार नाही. लाळेच्या ग्रंथीला नळी असते. अंतःस्रावी ग्रंथींना ती नसते. त्यांचा रस थेट रक्तात मिसळतो आणि दूरच्या अवयवांना कामाला लावतो. या रसांना संप्रेरके म्हणतात. गळ्यातील थायरॉइड मंदावली की बाई सुस्तावते, पाळी बिघडते; घरचे मात्र तिला आळशी ठरवतात. मिठात आयोडीन घालतात ते या ग्रंथीसाठीच. पण आज मला बोलायचे आहे ते जठरामागच्या स्वादुपिंडाविषयी.

त्यातील पेशींच्या बारीक पुंजक्यांतून इन्सुलिन पाझरते. खाल्लेल्या भाकरीची साखर रक्तातून स्नायूंत पोचवणे हे त्याचे काम. ते कमी पडले, किंवा स्नायू त्याला दाद देईनासे झाले, की साखर रक्तातच साचते. तोच मधुमेह.

हा रोग लठ्ठ माणसांचा, अशी माझीही समजूत होती. माझ्या थोरल्या जाऊबाई अंगाने अगदी काटकुळ्या. पायाची जखम दोन महिने भरेना, तरी “मला मेलीला कसला आलाय मधुमेह!” म्हणून त्यांनी रक्त तपासू दिले नाही. शेवटी पायाची दोन बोटे काढावी लागली.

याचा उलगडा मला पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनात सापडला. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील, घरचे करून शेतातही राबणाऱ्या बायकांच्या गरोदरपणाच्या नोंदी ठेवल्या. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडातील साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची. आपल्या बाळांचे स्नायू लहान, पण कातडीखालची चरबी त्या मानाने राखलेली. दिसायला रोड, आतून स्थूल! म्हणजे मधुमेहाची वाट गर्भातच सुरू होऊ शकते.

याच पाहणीत दिसले की, ज्या गर्भारशींच्या खाण्यात दूध, पालेभाजी आणि फळे वरचेवर होती, त्यांची बाळे अधिक भरली. नुसते पोटभर जेवल्याने तेवढा फरक पडला नव्हता. आणि आपण काय करतो? डोहाळजेवण थाटात होते, फुलांची वाडी भरते. दुसऱ्या दिवसापासून सर्वांच्या मागून जेवणारी तीच, आणि पातेल्याच्या तळाची भाजी तिची. बाळ मोठे झाले तर बाळंतपण अडेल, म्हणून तिचे घास मोजणाऱ्याही आहेत. तासगावच्या द्राक्षांच्या पेट्या मुंबईच्या पाहुण्यांकडे जातात, हे वेगळेच.

गरोदरपणात साखरेची तपासणी सर्वांचीच करावी, असे सरकारी मार्गदर्शन आहे. पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. ते दोन तास बाकावर बसून काढावे लागतात. सून सडपातळ आहे, तिला कसली साखर, असे म्हणून तिला अर्ध्यातून घरी आणू नका. मागच्या महिन्यात आमच्या जाऊबाई नातसुनेबरोबर स्वतः बसल्या होत्या, विणकाम घेऊन.