सुताराचे नाक आणि ग्रंथींचा कर्करोग



मी डॉक्टर नव्हे. शाळा चौथीनंतर सुटली. पुढे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, रात्री, शब्दकोश मांडीवर घेऊन. तेव्हा औषधोपचार सांगावयास मी उभा नाही. इस्पितळाच्या कागदावर कधीकधी एक लांबलचक शब्द असतो, अ‍ॅडिनोकार्सिनोमा. तो शब्द कष्टकऱ्याच्या कामी कसा पडतो, एवढेच सांगावयाचे आहे.

ग्रीक भाषेत 'अ‍ॅडिन' म्हणजे ग्रंथी. तोंडातली लाळ, जठरातला पाचकरस, आईचे दूध, नाकातला शेंबूड, हे सारे ग्रंथींच्या पेशी तयार करतात. अशा पेशींतून जो कर्करोग निघतो तो ग्रंथिजन्य. स्तनाचे, मोठ्या आतड्याचे, प्रोस्टेटचे बहुतेक कर्करोग याच जातीचे, फुप्फुसाचेही पुष्कळ. आपण रोगाला अवयवाचे नाव देतो, डॉक्टर मात्र पेशींचे कूळ विचारतात. कारण एकाच अवयवात दोन-दोन कुळे नांदत असतात. नाकातच पाहा. तिथे कर्करोग मुळातच थोडा, आणि त्यातही चपट्या पेशींचा अधिक, ग्रंथींचा विरळा.

आता इंग्लंडात चला. लंडनच्या वायव्येस हाय विकम नावाचे गाव आहे. भोवताली बीच वृक्षांची राने, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या खुर्च्यांचा धंदा. तेथील कान-नाक-घशाच्या सर्जन डॉ. एस्मे हॅडफील्ड या बाईंच्या ध्यानात आले की, नाकाच्या कर्करोगाचे जे रोगी येतात त्यांत लाकूडकाम करणारे फार, आणि त्यांच्या गाठी त्याच विरळ्या ग्रंथिजन्य जातीच्या. ऑक्सफर्डचे डॉ. मॅकबेथ, डॉ. अ‍ॅचेसन वगैरे मंडळींबरोबर त्यांनी हिशेब मांडला आणि १९६८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापला. या कामगारांत हा रोग इतर पुरुषांच्या मानाने शेकडो पटींनी अधिक होता.

पण संशय कशावर घ्यावयाचा? कारखान्यात लाकूड असते, तसे सरस, पॉलिश, वॉर्निशही असते. इथे त्यांनी जे केले ते मला फार आवडते. कोण नेमके कोणते काम करीत होता ते त्यांनी विचारले. यंत्रावर लाकूड कापणारे, खुर्च्या-कपाटे जोडणारे यांना रोग. नुसते पॉलिश मारणाऱ्यांना तसा नाही. म्हणजे आरोपी वॉर्निश नव्हे, धूळ! बारीक भुसा नाकाच्या वरच्या अंगाला, चाळणीच्या हाडाजवळ साचतो. नाकाची स्वतःला झाडून काढण्याची शक्ती मंदावते. आणि तीस-चाळीस वर्षांनी तेथील पेशी बिघडतात. सूक्ष्मदर्शकाखाली ही गाठ पुष्कळदा आतड्यातील ग्रंथीसारखी दिसते, हे एक नवलच.

१९६९ साली ब्रिटनने लाकडी फर्निचर बनविणाऱ्यांचा हा रोग धंदेवाईक रोग म्हणून मान्य केला. १९८८ साली जर्मनीने ओक आणि बीच या लाकडांच्या धुळीपुरते तेच केले, आणि रोगाचे नाव लिहिताना 'अ‍ॅडिनोकार्सिनोमा' हाच शब्द घातला. १९९५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करते असे जाहीर केले. मालकाचा वकील म्हणतो, "गडी विड्या ओढत होता." त्याला उत्तर त्या कागदावरच असते. नाकात तंबाखूचे नाते चपट्या पेशींच्या कर्करोगाशी अधिक जुळते, धुळीचे ग्रंथिजन्याशी. म्हणून म्हणतो, तो शब्द रद्दीत टाकू नका.

आपल्याकडे अडते ते निराळ्याच ठिकाणी. केसपेपरावर 'धंदा' असा रकाना असतो. त्यात काय लिहितात? 'मजुरी'. मजुरी हा काय धंदा झाला? वखारीत करवतीवर तीस वर्षे काढली, की घासकाम केले, की नुसते ओंडके वाहिले, हे त्या एका शब्दात गडप होते. आणि रोग तर माणूस घरी बसल्यावर उगवतो. तोवर हजेरीपत्रक वाळवीने खाल्लेले असते. हॅडफील्डबाईंनी असल्या रकान्यावर भिस्त ठेवली असती तर त्यांना काय सापडले असते?

या सभागृहात सुतारकामाची, वखारीची घरे असतील. एकाच बाजूची नाकपुडी आठवडेच्या आठवडे चोंदलेली राहिली, त्याच बाजूने वरचेवर रक्त आले, तर सर्दी म्हणून बाम चोळीत बसू नये. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे आणि काम कोणते, किती वर्षे, हे आपण होऊन सांगावे. बहुधा दुसरेच काही निघेल. गाठ निघालीच तर तुकडा तपासल्याचा कागद मागून घ्यावा. शस्त्रक्रिया आणि किरणोपचार आहेत. लवकर गेले तर त्यांना अधिक यश येते.

धुळीचे म्हणाल तर ती नाकात शिरण्याआधीच यंत्रापाशी ओढून घेणारे पंखे आणि नळ्या मिळतात. त्यांचा खर्च कोणी करावयाचा यावर आमची बोलणी चालू आहेत. त्याविषयी कोणाला विचारावयाचे असेल तर आता खुशाल विचारा.