कोणत्या कामाला कोणते दार

(वाणगाव येथे प्रौढांच्या रात्रवर्गात दिलेले भाषण)



तुम्ही आता आपले नाव लिहायला शिकलात. पत्ताही लिहिता. मुक्काम वाणगाव, तालुका डहाणू, जिल्हा पालघर, राज्य महाराष्ट्र. या पत्त्यातला एकेक शब्द म्हणजे एकेक दार आहे. कोणत्या दारात कोणते काम होते हे ठाऊक नसले, की दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडे जाते, आणि "हे काम इथे होत नाही" एवढे ऐकून परत यावे लागते. म्हणून आज या दारांविषयी बोलू.

घरातला एखादा जुना कागद काढून बघा. त्यावर जिल्हा ठाणे असे लिहिलेले असेल. कागद खोटा नाही. 1 ऑगस्ट 2014 पर्यंत आपण ठाणे जिल्ह्यातच होतो. फार मोठा जिल्हा होता तो. 2011 च्या शिरगणतीत त्याची लोकसंख्या 1 कोटी 10 लाख भरली. देशातल्या कुठल्याही जिल्ह्यात एवढी माणसे नव्हती. तालुके होते पंधरा. त्यांतले आठ तालुके काढून पालघर जिल्हा केला : पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड. महाराष्ट्राचा हा छत्तिसावा जिल्हा. 1960 साली राज्य झाले तेव्हा जिल्हे होते सव्वीस.

आता यात तुमचा-आमचा काय फायदा? सांगतो. कलेक्टर कचेरीत काम पडले की वाणगावचा माणूस पहाटेची गाडी धरायचा. दादरला उतरायचे, पूल ओलांडायचा, दुसरी गाडी धरून ठाण्याला जायचे. साहेब भेटले तर नशीब. नाही भेटले तर पुन्हा एक खेप. आज बोईसर, उमरोळी, की आलेच पालघर.

पण हे रुळाजवळ राहणाऱ्यांचे झाले. मोखाड्याच्या माणसाला विचारा. त्याला घाट उतरून पार पश्चिमेला यावे लागते. जिल्ह्याचे ठाणे जव्हारला करा, असे तिकडची मंडळी म्हणत होती. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते, असे मला वाटते. जिल्हा लहान केला म्हणजे कचेरी सगळ्यांनाच सारखी जवळ आली असे होत नाही.

कागदावर रेघ ओढली की माणसाचे काय होते, हे तलासरीकडच्या लोकांना जास्त कळते. 1 मे 1960 ला मुंबई राज्याचे दोन भाग झाले. तेव्हा ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव तालुक्याची कितीतरी गावे गुजरातेत गेली. रेघेच्या अलीकडे वारली आणि पलीकडेही वारली. सोयरीक तीच, देव तेच, तारपा तोच. पण शाळेची भाषा वेगळी झाली आणि कचेरीही वेगळी झाली. पलीकडची मुलगी इकडे नांदायला आली, की तिच्या जातीच्या दाखल्याला तिच्या बापाच्या गावचे कागद लागतात. सासरचे कागद तिथे चालत नाहीत. म्हणून सांगतो, लेकीला पाठवताना तिचे कागदही बरोबर द्या.

आता नीट ऐका, कारण इथेच माणूस फसतो. आपल्याकडे वर जायच्या शिड्या दोन आहेत.

एक शिडी सरकारी नोकरांची. खाली तलाठी. त्यांना 2024 पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे ठरले आहे, पण लोकांच्या तोंडी तलाठीच आहे. त्यांच्यावर मंडळ अधिकारी, मग डहाणूचे तहसीलदार, मग प्रांतसाहेब, मग पालघरचे कलेक्टर, आणि त्यांच्याही वर कोकण विभागाचे आयुक्त. सातबारा, रेशनकार्ड, जातीचा दाखला ही कामे या शिडीवर. सातबारा तलाठ्याकडे, रेशनकार्ड तहसीलदारांच्या कचेरीत आणि जातीचा दाखला प्रांतांच्या सहीने.

दुसरी शिडी तुमच्या मतांची. खाली ग्रामपंचायत, मग डहाणूची पंचायत समिती, वर पालघरची जिल्हा परिषद. जिल्हा परिषदा महाराष्ट्रात 1962 च्या मे महिन्यात सुरू झाल्या. मराठी शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्र ही जिल्हा परिषदेची कामे. मुलाच्या जन्माची नोंद ग्रामपंचायतीत. शाळेत मास्तर नाही, म्हणून तहसीलदारांच्या दारात बसून काय होणार? ते फार तर अर्ज पुढे पाठवतील.

आणि डहाणू शहर? त्याची नगरपरिषद आहे. तिकडच्या गटाराला आपली पंचायत समिती जबाबदार नाही. वसई-विरारला तर महानगरपालिका आहे.

पहिल्या शिडीवरचा साहेब बदलून येतो आणि बदलून जातो. दुसऱ्या शिडीवरच्या माणसाला तुम्ही बसवता. हा फरक केवढा मोठा आहे ते कळण्यासाठी जरा लांबचे एक उदाहरण घेऊ. समुद्रापलीकडे आफ्रिका आहे. तिथे अंगोला नावाचा देश आहे. आपल्या वसईवर पोर्तुगिजांचे राज्य होते, ते चिमाजीअप्पांनी 1739 साली घालवले. जवळच्या दमणमध्ये ते 1961 पर्यंत टिकले. अंगोलातून ते गेले 11 नोव्हेंबर 1975 ला.

अंगोला महाराष्ट्राच्या चौपट मोठा. त्याचे प्रांत होते 18. मोशिको हा एकटा प्रांत महाराष्ट्राच्या दोन-तृतीयांशाहून मोठा होता! कचेरी गाठायची तर काय हाल होत असतील, विचार करा. 2024 साली तिथे कायदा झाला. मोशिकोचे दोन भाग केले, आणखी दोन प्रांतही फोडले. 18 चे 21 झाले. प्रांताखाली असतो त्याला तिथे मुनिसिपिओ म्हणतात. म्युनिसिपालटीसारखे नाव आहे, पण त्यात खेडीही येतात. आपला तालुका म्हणा ना. ते दुपटीच्या आसपास वाढवून 326 केले. दार जवळ आले, हे चांगलेच झाले.

पण दारात बसतो कोण? प्रांताचा गव्हर्नर नेमतात देशाचे राष्ट्राध्यक्ष. मुनिसिपिओचा कारभारी नेमतो गव्हर्नर. लोकांनी आपले कारभारी निवडावेत असे त्यांच्या 2010 च्या राज्यघटनेत लिहिले आहे. निवडणूक 2020 ला होणार, असे बोलले जात होते. 2024 साल संपेपर्यंत ती झाली नव्हती. त्यांना हसू नका. आपल्याकडेही निवडणुका लांबतात. 2022 नंतर महाराष्ट्रात कितीतरी ठिकाणी मुदत संपली आणि प्रशासक बसला. मग आपली दुसरी शिडीही पहिलीसारखीच होते.

एक दार मात्र कोणालाही बंद करता येत नाही. ते म्हणजे ग्रामसभा. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके पूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहेत. त्यामुळे 1996 चा पेसा कायदा इथे लागू आहे. इथला सरपंच आदिवासीच असतो. वनजमिनीचा दावाही आधी ग्रामसभेपुढे येतो. प्रांत आणि कलेक्टर नंतर. शिवाय आपला पाडा गावठाणापासून लांब असेल, गावच्या सभेत पाड्याचे कोणी ऐकत नसेल, तर पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मागता येते. पाड्यातल्या मतदारांनी ठराव करायचा आणि तो प्रांतसाहेबांकडे द्यायचा. पुढे चौकशी होते. मान्यता मिळाली, की त्या पाड्याची ग्रामसभा वेगळी भरते.

मावशी विचारतात, ठराव लिहायचा कोणी? तुम्हीच लिहायचा. अक्षर वाकडे असले तरी चालते. तारीख आणि सह्या पाहिजेत. अर्ज दिला, की दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. शिक्का आणि तारीख बघितल्याशिवाय कचेरीतून हलू नका.

पुढच्या खेपेला येताना प्रत्येकाने घरचा एक सरकारी कागद आणावा. सातबारा चालेल, रेशनकार्ड चालेल. त्यावर गाव, तालुका, जिल्हा काय लिहिले आहे आणि शिक्का कोणत्या कचेरीचा आहे, ते आपण वाचू.