जुना संगणक, नवा प्रोसेसर

घरातील वस्तू जुनी झाली म्हणून टाकून न देता तिचा झिजलेला भाग बदलावा आणि काम पुढे चालवावे, ही मध्यमवर्गीय मराठी कुटुंबांची जुनी रीत आहे. घड्याळ, शिवणयंत्र, सायकल या सर्वांना ती लागू पडली. संगणकालाही ती लागू पडेल काय, असा प्रश्न आज पुष्कळ घरांत विचारला जातो. इंदूरच्या रवींद्रनाथ टागोर मार्गावर सिल्व्हर मॉलमध्ये संगणकाच्या सुट्या भागांची दुकाने दाटीने वसली आहेत. बारा-तेरा वर्षांपूर्वी जोडून घेतलेले डेस्कटॉप अशाच दुकानांत पुन्हा येतात. यंत्र संथ झाले आहे, त्यात एखादा वेगवान प्रोसेसर बसवून द्या, ही ग्राहकाची मागणी असते. तिच्यामागे पुष्कळदा मुलाची परीक्षा असते, शिकवणीचे वर्ग असतात आणि नवा संगणक घेण्याइतका पैसा हाती नसतो.

मागणी रास्त आहे. परंतु तिचा आरंभ बहुधा चुकीच्या टोकाकडून होतो. बाजारात उत्तम प्रोसेसर कोणता, याची चौकशी आधी होते. वास्तविक पहिला प्रश्न असा की, घरातील मदरबोर्ड कोणता प्रोसेसर स्वीकारतो? निवडीचा अधिकार ग्राहकापेक्षा त्या बोर्डाकडेच अधिक असतो.

या व्यवसायाच्या इतिहासात याचे एक बोलके उदाहरण आहे. नेक्सजेन या अमेरिकन कंपनीने १९९४ मध्ये एनएक्स-५८६ हा प्रोसेसर काढला. तो पेंटियमशी स्पर्धा करण्यासाठीच होता. पण त्याची बैठक निराळी असल्यामुळे त्यास स्वतंत्र मदरबोर्ड लागे. पेंटियमचे बोर्ड विपुल आणि याचे मोजके. साहजिकच त्याचा प्रसार बेताचाच राहिला. १९९३ च्या पेंटियमच्या निर्मितीत ज्यांचा मोठा वाटा होता, ते पुण्यात जन्मलेले अभियंते विनोद धाम १९९५ मध्ये या नेक्सजेन कंपनीत गेले. पुढे एएमडीने ती कंपनी विकत घेतली आणि तिच्या आराखड्यावरून १९९७ मध्ये के-६ हा प्रोसेसर बाजारात आणला. तो मात्र पेंटियमच्याच ‘सॉकेट ७’ या बैठकीत बसेल असा घडविला होता. तरीदेखील बोर्डाने त्यास योग्य विद्युद्दाब पुरविणे आवश्यक होतेच. बैठक जुळली की सर्व जुळले, असे तेव्हाही नव्हते.

आजही नाही. इंटेलच्या सहाव्या व सातव्या पिढीच्या प्रोसेसरांसाठी ११५१ संपर्कबिंदूंची बैठक होती. २०१७ मध्ये आठव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर आले, तेही ११५१ बिंदूंचेच. परंतु पूर्वीच्या बोर्डांवर ते चालतील अशी सोय कंपनीने ठेवली नाही. आकडा पाहून प्रोसेसर घेणाऱ्याची येथे फसगत होते.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. २०११-१२ च्या सुमाराचा, एच-६१ जातीच्या बोर्डाचा संगणक आहे. त्यात दुसऱ्या पिढीचा कोअर आय-३ २१०० बसविलेला आहे. त्याची बैठक ११५५ बिंदूंची. तिसऱ्या पिढीचा आय-५ ३४७० याच बैठकीत बसतो. पहिल्याचा वेग ३.१ गिगाहर्ट्झ, दुसऱ्याचा मूळ वेग ३.२ गिगाहर्ट्झ, आकड्यांत फरक नाममात्र. पण पहिल्यात दोन गाभे आहेत आणि दुसऱ्यात चार. खरा लाभ तेथे आहे.

हा बदल करण्यापूर्वी चार गोष्टींची खातरजमा करावी. पहिली, बोर्डाचे नाव व क्रमांक. तो बोर्डावरच छापलेला असतो. पेटी न उघडता सीपीयू-झेड या मोफत आज्ञावलीतही दिसतो. त्या क्रमांकावरून निर्मात्याने दिलेली, चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी पाहावी. दुसरी गोष्ट बायोसची. संगणक सुरू करणाऱ्या या मूळ आज्ञावलीची आवृत्ती जुनी असेल, तर बोर्ड तिसरी पिढी ओळखणार नाही. ती आवृत्ती जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बदलावी लागते, आणि मध्येच वीज गेल्यास बोर्ड निकामी होऊ शकतो. म्हणून यूपीएस जोडल्याशिवाय त्या कामास हात लावू नये.

तिसरी गोष्ट उष्णतेची. आय-३ २१०० साठी ६५ वॅट, आय-५ ३४७० साठी ७७ वॅट, तर आय-७ २६०० साठी ९५ वॅट हे प्रमाण कंपनीने दिले आहे. माळव्याच्या उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपुढे जातो. धुळीने भरलेला जुना पंखा तसाच ठेवून मोठा प्रोसेसर बसविला, तर तो तापून आपला वेग आपणच कमी करील. चौथी गोष्ट चित्राची. आय-५ ३३५०-पी सारख्या काही प्रोसेसरांत पडद्यावर चित्र उमटविणारा भागच नाही. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल, तर पडदा काळाच राहतो आणि निर्दोष वस्तू बिघडलेली ठरते.

परंतु या चारांच्याही आधी विचारावयाचा एक प्रश्न आहे. संथपणाचे कारण खरोखर प्रोसेसरच आहे काय? नित्याचे काम चालू असताना टास्क मॅनेजर उघडून पाहावा. प्रोसेसरचा वापर सतत शंभर टक्क्यांजवळ असेल, तर तो बदलण्यात अर्थ आहे. तो निवांत असून हार्ड डिस्क मात्र अखंड राबत असेल, तर एसएसडी बसविणे आणि स्मृती, म्हणजे रॅम, वाढविणे हाच उपाय होय. तेथे नव्या प्रोसेसरवर केलेला खर्च वाया जातो.

आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवावी. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर सामान्यतः आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असावा, असा मायक्रोसॉफ्टचा नियम आहे. ११५५ च्या बैठकीत बसणारा कोणताही प्रोसेसर त्या नियमात येत नाही. तेव्हा नवी विंडोज हाच हेतू असेल, तर प्रोसेसर, बोर्ड आणि स्मृती ही तिन्ही बदलावी लागतात, आणि तो हिशेब नव्या संगणकाच्या किमतीशी ताडून पाहावा. त्याच यंत्रावर लिनक्स चालवून अभ्यासाचे व लिखाणाचे काम भागविणे, हा मार्गही मोकळा आहे.

तात्पर्य, दुकानात जाताना पैशांबरोबर एक चिठ्ठी न्यावी. तीवर बोर्डाचा क्रमांक, बायोसची आवृत्ती, आजचा प्रोसेसर, स्मृतीचा प्रकार आणि मुख्य म्हणजे कोणते काम अडते आहे, एवढे लिहिलेले असावे. जुना माल परत घेतला जाईल किंवा नाही, हेही पैसे देण्यापूर्वीच विचारावे. मुलांच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेली रक्कम थोडी असते. ती योग्य भागावर पडली, तर जुना संगणक आणखी काही वर्षे घराची सेवा करील.