टेनिसचा विजेता ओळखता येतो, मग पैसे कुठे जातात?



मी संख्याशास्त्र शिकवतो आणि टेनिस आवडीनं बघतो. त्यामुळे दर वर्षी, साधारण विम्बल्डनच्या सुमारास, वर्ग सुटल्यावर कोणीतरी मागं थांबतो आणि विचारतो, "सर, मॅच कोण जिंकणार हे आधी सांगता येतं का?" मी म्हणतो, येतं, बऱ्यापैकी येतं. मग आवाज जरा खाली येतो. "आणि त्यावर पैसे लावले तर?" मला आज या दुसऱ्या प्रश्नाबद्दल बोलायचंय. पण पहिल्या प्रश्नातून गेल्याशिवाय तिथं पोचता येत नाही.

अंदाज बांधायला टेनिससारखा सोयीचा खेळ क्वचितच सापडेल. समोरासमोर दोनच माणसं. सामना बरोबरीत सुटत नाही. नाणेफेकीनं किंवा संध्याकाळच्या दवानं पारडं फिरत नाही. वर्षभर जगात कुठे ना कुठे सामने चालूच असतात आणि त्यांच्या नोंदी राहतात. शिवाय या खेळाची गुणपद्धतच अशी आहे, की थोडासा चांगला असलेला खेळाडू निकालात बराच चांगला दिसतो.

रॉजर फेडररनं जून २०२४ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात एक आकडा सांगितला होता. तो एकेरीचे १५२६ सामने खेळला आणि त्यातले जवळपास ८० टक्के जिंकला. पण पॉइंट किती टक्के जिंकले? फक्त ५४. शंभरातले ५४ पॉइंट घेणारा माणूस शंभरातले ८० सामने कसा घेतो? पॉइंटचा गेम होतो, गेमचा सेट, सेटचा सामना, आणि प्रत्येक पायरीवर फरक वाढत जातो. सर्व्हिस करणारा दर पॉइंट ६० टक्के शक्यतेनं जिंकत असेल, तर तो गेम जिंकण्याची शक्यता ७३.६ टक्के होते. पॉइंटची शक्यता ६५ वर गेली की गेमची ८३ वर जाते. सेटचंही तेच. एक सेट जिंकण्याची शक्यता ६० टक्के असेल, तर तीन सेटांचा सामना जिंकण्याची ६४.८ आणि पाच सेटांचा जिंकण्याची ६८.३. म्हणून ग्रँड स्लॅममध्ये पुरुषांचे सामने ओळखणं थोडं सोपं जातं. लांब सामन्यात नशिबाला वाव कमी मिळतो.

हे गणित करताना आपण धरून चालतो, की प्रत्येक पॉइंट आधीच्या पॉइंटपासून स्वतंत्र आहे. टीव्हीवरच्या समालोचकांना हे मुळीच पटणार नाही, त्यांचा सगळा धंदाच 'मोमेंटम'वर चालतो. पण क्लासेन आणि मॅग्नस या दोन डच अभ्यासकांनी १९९२ ते १९९५ या चार विम्बल्डनमधले जवळपास ९० हजार पॉइंट तपासले. आधीच्या पॉइंटचा परिणाम पुढच्यावर होतो, पण इतका थोडा, की हिशेबापुरतं स्वतंत्र मानलं तरी फारसं बिघडत नाही, असं त्यांना आढळलं.

शक्यता म्हणजे खात्री नव्हे, हेही याच खेळात स्वच्छ दिसतं. २०१९ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात फेडररनं २१८ पॉइंट जिंकले, जोकोविचनं २०४. पाचव्या सेटमध्ये ८-७ अशी आघाडी, स्वतःची सर्व्हिस, ४०-१५, म्हणजे विजेतेपदाचे दोन पॉइंट हातात. सामना जोकोविचनं जिंकला.

आता अंदाज कसा काढायचा ते पाहू. नवखा माणूस जागतिक क्रमवारी बघतो. क्रमवारी म्हणजे गेल्या ५२ आठवड्यांच्या कमाईची वही. दुसऱ्या फेरीत तुम्ही जगातल्या तिसऱ्याला हरवलंत काय किंवा नव्वदाव्याला हरवलंत काय, गुण तेवढेच. खेळाडू सहा महिने दुखापतीनं घरी बसला तर तो क्रमवारीत खाली येतो, पण म्हणून त्याचा फोरहँड तितकाच खाली आलेला असेल असं नाही. २०१७ च्या ऑस्ट्रेलियन ओपनला फेडरर असाच सहा महिन्यांनी परतला. मानांकन होतं १७ वं. स्पर्धा त्यानं जिंकली.

याहून चांगली पद्धत बुद्धिबळातून आली. अर्पाद एलो नावाचे हंगेरीत जन्मलेले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अमेरिकेत होते, त्यांची ही पद्धत. तुम्ही कोणाला हरवलंत यावर तुमचे गुण वाढतात किंवा कमी होतात. बलाढ्य प्रतिस्पर्ध्याला हरवलं तर भरपूर, दुबळ्याला हरवलं तर चिमूटभर. दोघांत १०० गुणांचा फरक असेल तर वरचा जिंकण्याची शक्यता ६४ टक्के, २०० चा असेल तर ७६. टेनिसमध्ये हे कोर्टनुसार वेगळं मांडावं लागतं. राफाएल नदालचा फ्रेंच ओपनमधला हिशेब ११२ विजय आणि ४ पराभव असा आहे. तोच माणूस विम्बल्डनला दोनदा जिंकला. लाल मातीवरचा नदाल आणि हिरवळीवरचा नदाल यांना एकाच आकड्यात बसवणं म्हणजे एकाच मापाचा सदरा दोन माणसांना शिवणं.

एवढं केलं, की दहातले सातेक सामने बरोबर ओळखता येतात. यासाठी संगणकाचं फार ज्ञानही लागत नाही, माहिती बरीचशी मोफत मिळते. स्टेफनी कोवाल्चिक यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अंदाजाच्या अशा ११ पद्धती शेजारी शेजारी ठेवून तपासल्या. एलोची कामगिरी उत्तम होती. पण पहिला नंबर आला तो सट्टेबाजांच्या भावांतून काढलेल्या अंदाजाचा.

इथं आपण दुसऱ्या प्रश्नापाशी आलो.

गेल्या वर्षी एक विद्यार्थी वही घेऊन आला. शंभर सामने लिहिलेले, प्रत्येक वेळी त्यानं वरचढ खेळाडू निवडलेला, ७८ बरोबर. शाबासकी द्यावी असंच काम होतं. मी म्हटलं, आता एक रकाना वाढव. प्रत्येक सामन्याचा भाव लिही.

हिशेब सोपा व्हावा म्हणून सगळीकडे भाव १.२५ धरू. म्हणजे १०० रुपये लावले आणि जिंकलात तर १२५ परत, हरलात तर शंभरही गेले. शंभर सामन्यांवर १०,००० रुपये लागले. ७८ वेळा १२५ म्हणजे ९,७५०. शंभरात ७८ वेळा बरोबर ठरून २५० रुपये खिशातून गेले. मग तो म्हणाला, म्हणजे उलटं करायचं, दुबळ्यावर लावायचे. ठीक आहे. दुबळ्याचा भाव ४.०० धरू. तो २२ वेळा जिंकला, २२ चोक ८८, म्हणजे ८,८०० रुपये परत. इथं तर १,२०० चा खड्डा.

दोन्ही बाजूंना तोटा कसा? १.२५ भावात ८० टक्के शक्यता गृहीत आहे, ४.०० मध्ये २५ टक्के. बेरीज १०५. शक्यतांची बेरीज शंभराच्या वर जाऊ शकत नाही, तेव्हा हे वरचे पाच म्हणजे बुकीची दलाली. दलाली काढून टाकली तर वरचढ खेळाडूची शक्यता बाजाराच्या मते ७६ टक्क्यांच्या आसपास येते. माझ्या विद्यार्थ्याचे ७८ बरोबर आले होते, म्हणजे तो बाजाराहून किंचित सरस ठरला होता आणि तरीही तोट्यात होता. जमाखर्च जुळायलाच ८० लागतात. आणि शंभर सामन्यांत ७६ च्या जागी ७८ येणं हा निव्वळ योगायोगही असू शकतो. कौशल्य आहे की योगायोग, हे ठरवायला हजारो सामने लागतात.

समजा कोणाकडे ते कौशल्य खरोखर आहे. तरी तो कोणाशी स्पर्धा करतोय? सकाळच्या सरावात कोण खांदा दाबत होता, कोणाचा प्रशिक्षक काल सोडून गेला, कोण रात्री दोन वाजता दुहेरीचा सामना संपवून झोपला, हे ज्याला कळतं तो आधी पैसे लावतो आणि भाव सरकतो. तुमच्या फोनवर दिसतो तो सरकलेला भाव. सामना चालू असताना तर विचारूच नका. थेट प्रक्षेपण काही सेकंद उशिरा पोचतं. जानेवारी २०१४ मध्ये मेलबर्नला ऑस्ट्रेलियन ओपन चालू असताना एका ब्रिटिश तरुणाला प्रेक्षकांतून अटक झाली. कोर्टाशेजारी बसून तो प्रत्येक पॉइंटचा निकाल गुपचूप यंत्रानं बाहेर पाठवत होता. पुढं आरोप मागं घेतले गेले. पण त्या दोन-चार सेकंदांसाठी कोणीतरी माणूस तिथं बसवतो, यावरून त्यांची किंमत कळते. आपण घरी सोफ्यावर बसून 'आता ब्रेक होणार' म्हणतो तेव्हा तो बहुधा होऊन गेलेला असतो. एवढ्यावरही कोणी सातत्यानं जिंकू लागलं, तर परदेशातले अनेक बुकी त्याच्या पैजेची मर्यादाच आवळतात.

अजून एक गोष्ट कुठल्याच सूत्रात बसत नाही. आपण धरून चालतो, की कोर्टावरच्या दोघांनाही जिंकायचंय. २००७ च्या ऑगस्टमध्ये पोलंडच्या सोपोतला निकोलाय दाविदेन्को आणि मार्टिन वासालो अर्ग्वेयो यांचा सामना झाला. दाविदेन्कोनं पहिला सेट ६-२ जिंकला, तरी पैसा अर्ग्वेयोवर लागत राहिला. तिसऱ्या सेटमध्ये दाविदेन्को दुखापतीमुळे बाहेर पडला. बेटफेअरनं त्या सामन्यावरच्या सगळ्या पैजा रद्द केल्या. वर्षभर चौकशी चालली, दोन्ही खेळाडूंविरुद्ध पुरावा मिळाला नाही, दोघेही निर्दोष ठरले. पण त्यानंतर टेनिसला स्वतःची दक्षता यंत्रणा उभारावी लागली.

खरा धोका खालच्या पातळीवर असतो. अॅडम लुईस यांच्या अध्यक्षतेखालच्या स्वतंत्र समितीनं २०१८ मध्ये सांगितलं, की नावापुरते व्यावसायिक टेनिसपटू १५ हजारांच्या घरात आहेत आणि खर्च भरून निघेल इतकं कमावणारे फार तर २५० ते ३५०. बाकीचे पदरचे घालून खेळतात. आपल्या सुमित नागलनं २०२३ मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं, की खात्यात ९०० युरो उरलेत. चारच महिन्यांनी त्यानं ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये ३१ व्या मानांकित बुब्लिकला तीन सेटमध्ये हरवलं. नागल भारताचा अव्वल खेळाडू होता, त्याची ही गत. मग पाचशेच्या पुढचा, हॉटेलचं बिल कसं भरायचं या विवंचनेतला मुलगा कुठे असेल? त्याला कोणी म्हणालं, सामना जिंक हवं तर, फक्त दुसऱ्या सेटमधला तिसरा गेम सोड, तर? त्या समितीनं सर्वात खालच्या स्पर्धांचे थेट गुणफलक सट्टा कंपन्यांना विकणं थांबवा असं सुचवलं, ते याचसाठी. रात्री अडीचला अॅपवर ज्या अनोळखी नावांचे सामने दिसतात, ते बरेचसे या पातळीवरचे असतात.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं केलेल्या कायद्यानं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, त्यांच्या जाहिराती आणि त्यांचे आर्थिक व्यवहार यांवर बंदी घातली. चालवणाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. तरी परदेशातून चालणारी दुकानं फोनवर पोचतातच. तिथं पैसे अडकले तर दाद मागायला दार नाही.

आणि शेवटी ते 'शंभर टक्के खात्री'वाले टिप्सचे ग्रुप, कारण विद्यार्थी हल्ली त्यांच्याबद्दलच जास्त विचारतात. यात टेनिसचं ज्ञान अजिबात लागत नाही. ६,४०० जणांचे नंबर घ्या. अर्ध्यांना कळवा 'अ' जिंकणार, अर्ध्यांना 'ब'. ज्यांना चुकीचं कळवलं त्यांना विसरा. उरलेल्या ३,२०० जणांना पुढच्या सामन्यासाठी पुन्हा अर्धं-अर्धं. मग १,६००, ८००, ४००, २००. पाच सामन्यांनंतर २०० लोक असे उरतात, ज्यांनी या माणसाचे सलग पाच अंदाज खरे ठरलेले स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेत. सहाव्या टिपेसाठी तो पैसे मागतो. त्या २०० जणांत तुमच्या ओळखीचं कोणी असेल, तर त्याला बाकीच्या ६,२०० जणांचा हिशेब कागदावर मांडून दाखवा. मला एकदा वीस मिनिटं लागली होती, पण मुलगा ऐकत होता.

आता प्रश्न घेऊ.