पंचवीस आणे आणि एक दशांश



संगणकाच्या अंकांवर व्याख्यान आहे हे फलकावर वाचूनही आपण आलात, याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. परवा एका गृहस्थांनी मला विचारले, “ऐन उन्हाळ्यात हा रूक्ष विषय कशाला काढलात?” मी म्हटले, विषय रूक्ष असेल, पण परका नाही. आपल्या आजोबा-पणजोबांना तो तोंडपाठ होता.

पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी असे पाढे पूर्वी परवच्यात म्हणून घेत. दुकानातली वजनेही त्याच घराण्यातली. शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक, छटाक. प्रत्येक वजन आधीच्याच्या निम्मे. आता तेरा छटाक साखर तोलावयाची आहे असे समजा. अच्छेर म्हणजे आठ छटाक, पावशेर म्हणजे चार, आणि वर एक छटाक. नवटाकाला हात लावण्याचे कारण नाही. पारड्यात टाकलेल्या वजनासाठी १ आणि न टाकलेल्यासाठी ० लिहा; ११०१ असे उत्तर येते. संगणकाची द्विमान पद्धती म्हणतात ती हीच. यंत्राच्या आत विजेची कळ एक तर चालू असते, नाही तर बंद. दोन अवस्था, म्हणून दोन अंक.

आपली संख्या यंत्राच्या भाषेत नेण्याची रीत सोपी आहे. पंचवीसला दोनांनी भागा. बारा आले, बाकी १. बाराचे सहा, बाकी ०. सहाचे तीन, बाकी ०. तीनांना भागले की एक, बाकी १. शेवटी एकाला भागले की शून्य, बाकी १. या बाक्या खालून वर वाचा : ११००१. पडताळा पाहावयाचा तर सोळा, आठ आणि एक मिळून पंचवीस.

अशी लांबलचक माळ माणसाच्या डोळ्यांना सोसत नाही. म्हणून उजवीकडून चार-चार अंकांचे गट पाडतात. येथे उजवा गट १००१, म्हणजे नऊ. डावीकडे उरला १. झाले १९. या पद्धतीला षोडशमान म्हणतात, आणि दहा ते पंधरा यांसाठी तीत इंग्रजी ‘ए’ ते ‘एफ’ ही अक्षरे वापरतात. पण नाव ऐकून दबकू नका. पंचवीस आण्यांचे रुपये किती, असे जुन्या काळच्या कोणत्याही किराणा दुकानदाराला विचारले असते, तर त्याने मान वर न करता सांगितले असते : एक रुपया नऊ आणे. एक आणि नऊ!

येथवर सारे सुरळीत आहे. पूर्ण संख्या कोणत्याही पद्धतीतून कोणत्याही पद्धतीत न्या, जागा पुरेशी असली की तिचा एक कणही सांडत नाही. अपूर्णांकांचे मात्र तसे नाही.

शेराचा दहावा हिस्सा निम्म्या-निम्म्या वजनांनी तोलून पाहा. छटाक टाकले तर कमी पडते. त्याच्या निम्मे आणखी टाकले, तरी थोडे कमीच. पुढची दोन वजने वगळून त्यापुढची दोन टाकली, तरीही कमी. पुन्हा दोन वगळा, दोन टाका; असे जन्मभर करीत बसलात तरी काटा मध्यावर यावयाचा नाही. कारण दहाच्या पोटात पाच आहे, आणि निम्मे-निम्मे करीत गेल्याने पाचाचा भाग कधीच लागत नाही. एक दशांश आपल्याला ०.१ इतका आटोपशीर दिसतो. द्विमान पद्धतीत त्याला अंत नाही. यंत्राला कोठे तरी तोडावेच लागते.

तोडण्याचा हा अनुभव आपल्या देशाने उलट्या दिशेने घेतला आहे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत. पण पाव नव्या पैशाचे नाणे कोठून आणणार? म्हणून कोष्टकात एका आण्याला ६, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९ नवे पैसे ठरले. चार आण्यांना मात्र चोख २५. सोळा वेळा एक-एक आणा सुटा बदलला, तर रुपयाचे ९६ नवे पैसेच हाती येत. प्रत्येक वेळी पाव पैसा, म्हणजे भांडण्याच्याही लायकीचा नव्हे!

असाच एक बारीक तुकडा १९९१ च्या आखाती युद्धात तुटला. सौदी अरेबियातील दहरान येथे अमेरिकेची ‘पॅट्रियट’ क्षेपणास्त्रांची तुकडी होती. शत्रूचे क्षेपणास्त्र पुढच्या क्षणी आकाशात कोठे शोधावयाचे, हे तिचा संगणक वेळेवरून ठरवी. त्याचे घड्याळ सेकंदाचे दहावे भाग मोजी, आणि ते पूर्ण संख्येत मोजी. तोवर चूक नव्हती. त्या संख्येचे सेकंद करताना तिला एक दशांशाने गुणावे लागे, आणि तो एक दशांश २४ द्विमान अंकांच्या जागेत तोडून बसविलेला होता. प्रत्येक दशांशामागे सुमारे ०.०००००००९५ सेकंदाची तूट. यंत्र सुरू केल्यापासून शंभर तासांहून अधिक काळ लोटला होता. शंभर तासांत सेकंदाचे दहावे भाग छत्तीस लक्ष भरतात. आपणच गुणाकार करून पाहा : तूट ०.३४ सेकंद होते. येणारे ‘स्कड’ क्षेपणास्त्र सेकंदाला दीड किलोमीटरहून अधिक वेगाचे होते. म्हणजे यंत्र ज्या जागी पाहत होते, तेथून ते अर्ध्या किलोमीटरहून अधिक दूर होते. तेथे काही दिसले नाही, म्हणून यंत्राने काही केले नाही. २५ फेब्रुवारीच्या त्या रात्री ‘स्कड’ सैनिकांच्या निवासावर पडले आणि अठ्ठावीस माणसे मेली.

हा दोष अज्ञात होता असेही नाही. यंत्र फार वेळ सलग चालविल्यास नेम सरकू शकतो, अशी सूचना चारच दिवस आधी निघाली होती. फार वेळ म्हणजे किती तास, ते तीत लिहिलेले नव्हते. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले असते, तर घड्याळ शून्यापासून मोजू लागले असते आणि साचलेली तूट तेथल्या तेथे पुसली गेली असती. त्याला लागणारा अवधी होता मिनिटाभराचा. दुरुस्त केलेला कार्यक्रम विमानाने दहरानला पोचला तो २६ फेब्रुवारीला.