हफ्त्याचे पैसे आणि एकट्या पालकाचे घर

(आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या कौटुंबिक व्याख्यानाचा मजकूर)



मी व्याख्याता नाही आणि अर्थतज्ज्ञ तर मुळीच नाही. पॉलिटेक्निकमधून सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि राज्य शासनात उपयंत्री म्हणून लागलो. एस्टिमेट करायचे, मोजमाप घ्यायचे, बिल तपासायचे, हेच रोजचे काम. सहा वर्षांपूर्वी पत्नी गेली. मुलगी तेव्हा तिसरीत होती, आता नववीत आहे. त्यामुळे ‘एकल पालक’ हा शब्द मला वर्तमानपत्रातून नव्हे, घरातून माहीत झाला. कार्यकारिणीने सांगितले, यावर बोला, म्हणून उभा आहे.

आपल्या इंदूरच्या मराठी समाजात अशी घरे आहेत. कुणाचा जोडीदार गेला, कुणी वेगळे झाले, कुणाचा नवरा आहे पण पैसे पाठवत नाही. दोघांच्या घरात एकाने खर्च काढला की दुसरा विचारतो, “आत्ताच हवे का?” एकट्याच्या घरात हे विचारणारे कुणी नसते. आणि महिनाअखेर हात आखडला तर “असू दे, होईल काहीतरी” म्हणणारेही कुणी नसते. हा दुसरा आवाज कागदावर कसा आणायचा, एवढाच माझा विषय आहे.

आपण इंदुरी माणसे आठवड्याला ‘हफ्ता’ म्हणतो. मुंबईच्या पाहुण्याला हप्ता म्हटले की कर्जाचा तरी आठवतो, नाही तर गल्लीतल्या दादाचा. मी बोलतो तो आपला हफ्ता, सोमवार ते रविवार.

एक नमुना घेऊ. आकडे माझ्या पगाराचे नाहीत, मुद्दाम मधले धरले आहेत. समजा एक ताई खासगी नोकरीत आहे, एक मूल आहे आणि हातात ३२,००० रुपये येतात. घरभाडे ८,५००. शाळेची फी आणि व्हॅन ४,२००. वीज, पाणी, कचरा गाडी मिळून ९००. गॅस ९००. मोबाइल आणि इंटरनेट ६००. रोज एक लिटर दूध, त्याचे १,८००. महिन्याचा किराणा ४,५००. औषधे आणि ट्यूशन १,५००. पोस्टातली आरडी १,५००. वर्षातून एकदाच येणाऱ्या खर्चांसाठी २,०००. बेरीज झाली २६,४००. उरले ५,६००. भाजी, फळे, पेट्रोल, वही-पेन, वाढदिवसाची भेट, रविवारचे पोहे-जलेबी, सगळे यातच.

आता बहुतेक जण ५,६०० ला चाराने भागतात आणि हफ्त्याला १,४०० धरतात. घोळ इथेच होतो. चार हफ्ते म्हणजे २८ दिवस. महिना असतो ३० किंवा ३१ दिवसांचा. वर्षाचे ३६५ दिवस, त्यातून १२ वेळा २८ म्हणजे ३३६ वजा करा. २९ दिवस उरतात, ज्यांच्यासाठी पैसाच ठेवलेला नाही. वर्षातला जवळजवळ एक अख्खा महिना! “दर महिन्याच्या शेवटी दोन-तीन दिवस शेजारून उसने घ्यावे लागतात” असे ऐकतो, तेव्हा ती बाई उधळी नसते, भागाकार चुकलेला असतो. म्हणून आधी तीसाने भागा आणि मग सातने गुणा. ५,६०० चे रोजचे साधारण १८७ रुपये, हफ्त्याचे १,३००. चार हफ्त्यांचे ५,२०० आणि उरलेले ४०० वरच्या दोन दिवसांसाठी पाचव्या पाकिटात. एकतीसच्या महिन्यात थोडी ओढ लागते, पण फेब्रुवारीत ते पाकीट अख्खे वाचते.

वर्षाच्या खर्चाचे ते २,००० जास्त वाटतील. पण मांडून बघा. पुस्तके, गणवेश, बूट ७,०००. दुचाकीचा विमा आणि सर्व्हिसिंग ४,०००. दिवाळी ६,०००. पुण्या-नाशिकला एकदा जाऊन येणे ४,०००. लग्नामुंजीचे आहेर ३,०००. झाले २४,०००, म्हणजे महिन्याला बरोबर २,०००. हे सगळे खर्च आपल्याला आधीपासून ठाऊक असतात. शाळा दर वर्षी सुरू होते आणि दिवाळीही दर वर्षी येते. तरी आपण त्यांना ‘अचानक आलेला खर्च’ म्हणतो. खजुरी बाजारात जुनी पुस्तके मिळतात, सियागंजमध्ये महिन्याचा किराणा एकदम घेतला की भाव बरा पडतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पण हे साधायला रोख रक्कम वेळेवर हातात लागते. ती या डब्यातून येते.

हफ्ता सोमवारी सुरू करा, शनिवारी नको. शनिवारी पैसे काढले की दोन सुट्ट्यांत बाजार, बाहेरचे खाणे, पाहुणे यांत निम्मे जातात आणि गुरुवारी डबा रिकामा. सोमवारी सुरू केले तर साधे दिवस आधी निघतात आणि उरले किती हे पाहून रविवार ठरतो. मुलालाही कळते की बुधवारी वाचवले, तर रविवारी जलेबी.

आता मोबाइलवरून पैसे देण्याचे. पाकिटातली नोट कमी होताना दिसते, फोनमधला पैसा दिसत नाही. दहा-वीस रुपये दिवसातून पाच वेळा गेले तर लक्षातही राहत नाही. उपाय सोपा आहे. दुसऱ्या बँकेत एक बचत खाते ठेवा, किमान शिल्लक किती लागते ते आधी विचारून घ्या. पगाराच्या खात्यातून दर सोमवारी १,३०० तिथे पाठवा आणि फोन फक्त त्या खात्याला जोडा. पगाराचे खाते फोनवर नकोच. खात्यात १८० रुपये दिसले की माणूस आपोआप विचार करतो.

आमच्या खात्यात मेजरमेंट बुक असते. मोजमाप जागेवरच लिहायचे, घरी जाऊन आठवून लिहायचे नाही. घराच्या वहीलाही हाच नियम लावा. रात्री झोपण्यापूर्वी दोन ओळी, बस.

विजेचे एक उदाहरण देतो. आपल्या मध्य प्रदेशात अटल गृहज्योती योजनेत महिन्याचा वापर १५० युनिटांपर्यंत असेल, तर पहिल्या १०० युनिटांचे १०० रुपये लागतात. १५० ओलांडले की ती सवलत त्या महिन्यापुरती जाते. म्हणजे शेवटच्या दोन-चार युनिटांची किंमत फार मोठी पडते. रोजचे सरासरी ५ युनिट, हफ्त्याचे ३५. दर सोमवारी मीटर वाचा आणि वहीत लिहा. तिसऱ्या हफ्त्यात आकडा पुढे पळत असेल, तर गीझर आणि इस्त्री आवरायला वेळ असतो. बिल हातात आल्यावर काही करता येत नाही.

आता एक कडक नियम. जो पैसा येणार आहे पण आलेला नाही, तो हिशेबात धरायचा नाही. आम्हा सरकारी नोकरांना महागाई भत्त्याची थकबाकी, कुणाला पोटगी, कुणाला भावाने कबूल केलेली मदत. आपल्याच शहरातली हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली. कामगारांच्या देण्याचा प्रश्न सुटायला डिसेंबर २०२३ उजाडला. मधली बत्तीस वर्षे कितीतरी घरे एकट्या बाईच्या मिळकतीवर चालली. ती घरे टिकली ती हातातल्या रुपयावर, फाईलमधल्या रुपयावर नाही. येणारा पैसा आला की थेट आरडीत किंवा वर्षाच्या डब्यात टाका. हफ्ता १,३०० चा तो १,३०० चाच.

मुलांना किती सांगावे, हे मला अनेक जण विचारतात. माझे मत असे, मुलाला आकडा सांगा, भीती सांगू नका. “या हफ्त्याला तेराशे आहेत” हे आठ-नऊ वर्षांच्या मुलाला कळते. “आपले कसे होणार” हे त्याच्यासमोर बोलू नये, कारण त्याच्याकडे उत्तर नसते आणि ते रात्री जागे राहते. माझी मुलगी रविवारी संध्याकाळी माझ्यासोबत वही मिळवते. ट्रिपची नोटीस आली तर ती स्वतःच म्हणते, “बाबा, पुढच्या हफ्त्यात बसेल का?” नाही म्हणायचे असेल तेव्हा “पुढच्या हफ्त्यात बघू” म्हणा, पण मग पुढच्या हफ्त्यात खरेच बघा. एकट्या पालकाच्या शब्दाला दुसरा साक्षीदार नसतो. तो आपणच पाळायचा.

आणि ताईंनो, हफ्त्यातले १०० रुपये स्वतःच्या नावाने लिहा. त्यांचा हिशेब कुणाला द्यायचा नाही, वहीलाही नाही. मैत्रिणीबरोबर चहा घ्या, गजरा घ्या, एखादे मासिक घ्या. वर्षानुवर्षे स्वतःवर शून्य खर्च करणारे माणूस एक दिवस चिडते आणि ती चीड मुलावर निघते.

आता थोडे कटू, पण सणाच्या दिवशीसुद्धा बोलावे असे. एकट्या पालकाच्या घरात आपण नसलो तर काय, हा प्रश्न पुढे ढकलता येत नाही. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा वर्षाला ४३६ रुपये, सुरक्षा विमा २० रुपये. पहिल्यात कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तर २ लाख, दुसऱ्यात अपघाताचे २ लाख. पहिल्याला १८ ते ५० वयात नाव घालता येते, दुसऱ्याला ७० पर्यंत. दोन्ही मिळून ४५६ रुपये, हफ्त्याला नऊसुद्धा नाहीत. वर्ष १ जूनला सुरू होते, तेव्हा मे महिन्यात खात्यात तेवढी शिल्लक ठेवा. आणि वारसाच्या रकान्यात अल्पवयीन मुलाचे नाव असेल, तर त्याच्या वतीने पैसे कोण घेणार, त्या प्रौढ व्यक्तीचे नावही लिहावे लागते. ते आधी ठरवा, त्या माणसाला विचारा आणि लिहून टाका. घरी गेल्यावर पासबुक आणि पॉलिसी काढून एकदा पाहाच.

शेवटी मंडळाला एक विनंती. माझ्या ओळखीच्या एक ताई तीन वर्षे उत्सवाला आल्या नाहीत. कारण विचारले तर म्हणाल्या, “वर्गणीची यादी माइकवरून वाचतात, माझी रक्कम सगळ्यात लहान असते.” त्यांच्या हफ्त्यातले १०१ रुपये म्हणजे भाजीचे दोन दिवस होते. पुढच्या वर्षीपासून नावे जरूर वाचा, रकमा वाचू नका. महाप्रसादाची कुपने घरोघर सारखी द्या. आणि मुलांच्या स्पर्धांना प्रवेशशुल्क असेल, तर ते कार्यकारिणीने भरावे. यात मंडळाचे फारसे काही जाणार नाही, पण चार बंद दारे उघडतील.

वही दहा रुपयांत मिळते आणि हफ्ता सोमवारीच सुरू होतो. ज्यांना मांडणी करून हवी असेल, त्यांनी प्रसादानंतर मला भेटावे. आकडे तुमच्याजवळच राहतील, मी फक्त बेरीज तपासून देईन.

गणपती बाप्पा मोरया!