थट्टा आपल्या माणसाची

कोलकात्याच्या मासळीबाजारात एक जुना ठोकताळा आहे. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या दोन फुटबॉल संघांचा सामना आटोपला, की जिंकले कोण हे विचारण्याची गरज नसते. फक्त भाव विचारावा. इलिश, म्हणजे हिलसा मासा महागला असेल, तर ईस्ट बंगालचा जय झाला असे समजावे. आणि मोठी कोळंबी, जिला गोव्याकडे सुंगट म्हणतात, ती महागली असेल, तर मोहन बागानचा. जिंकलेल्यांच्या घरी त्या रात्री आपल्या पक्षाचा मासा शिजतो आणि हरलेल्या शेजाऱ्याला त्याचा वास मुकाट्याने सोसावा लागतो. अर्धी थट्टा त्या वासातच होऊन जाते. उरलेली अर्धी दुसऱ्या दिवशी कचेरीत आणि चहाच्या दुकानात पुरी होते.

फुटबॉलचा सामना बावीस माणसे दीड तास खेळतात. परंतु ज्यांना या खेळाचे खरे वेड आहे, ती माणसे तोच सामना पुढे वर्षानुवर्षे जिभेने खेळत राहतात. या जिभेच्या खेळाविषयी आज मला आपल्याशी थोडे बोलायचे आहे. एकमेकांच्या पराभवाची ही खिल्ली म्हणजे रिकामटेकड्यांचा पोरखेळ, असे पुष्कळांना वाटते. मला तसे वाटत नाही. या थट्टेत नाते किती आणि वैर किती हे पाहू लागलो, म्हणजे विषय वरवर दिसतो तितका हलका राहत नाही.

प्रथम या दोन संघांची कुळकथा थोडक्यात सांगतो. मोहन बागान हा क्लब १८८९ साली स्थापन झाला. पुढे १९२० च्या जुलै महिन्यात जोडाबागान नावाच्या क्लबाचा मोहन बागानशी सामना होता. त्या सामन्यात जोडाबागानने शैलेश बोस या आपल्या चांगल्या खेळाडूला वगळले. क्लबाचे एक उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधरी यांना ही गोष्ट लागली. ते बाहेर पडले आणि १ ऑगस्ट १९२० रोजी ईस्ट बंगाल क्लबाचा जन्म झाला. पश्चिम बंगालचे मूळ रहिवासी ते ‘घोटी’, पूर्वेकडून आलेले ते ‘बांगाल’. घोटींचा संघ मोहन बागान आणि बांगालांचा ईस्ट बंगाल, अशी वाटणी होत गेली. १९४७ च्या फाळणीनंतर लाखो निर्वासित कोलकात्यात आले, तेव्हा लाल-सोनेरी रंगाचा तो संघ म्हणजे मागे राहिलेल्या गावाची एकुलती एक जिवंत खूण होऊन बसली.

मग थट्टेला विषयांची काय वाण! घोटी भाजीत साखर घालतात म्हणून बांगाल हसणार. बांगालांच्या बोलण्याला पूर्वेचा हेल आहे म्हणून घोटी त्यांची नक्कल करणार. आपल्यापैकी ज्यांची घराणी दोन-चार पिढ्यांमागे मूळ गाव सोडून इंदूर-ग्वाल्हेरला, बडोद्याला किंवा हैदराबादेला रुजली, त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको. पुण्याकडचा पाहुणा आपल्या मराठीला हसला, म्हणजे आपण काय करतो? आपणही त्याच्या मराठीला हसतो, आणि त्याला आग्रहाने आणखी एक पुरी वाढतो.

मौज अशी, की ही वाटणी वाटते तितकी काटेकोर कधीच नव्हती. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या गोऱ्या पलटणीच्या संघाला २-१ असे हरवून आयएफए शील्ड जिंकली. एकाचा अपवाद सोडला तर मोहन बागानचे सारे खेळाडू अनवाणी होते. त्या विजयाचा अभिमान घोटींच्या बोलण्यात आजही डोकावतो. परंतु त्या संघातील अनेक खेळाडू मूळचे पूर्व बंगालचे होते, हे बांगाल हळूच सुनावतो, आणि घोटीला क्षणभर उत्तर सुचत नाही.

या थट्टेचे एक शास्त्र आहे. तिला पाठांतर लागते. जुने आकडे जिभेवर असावे लागतात आणि प्रत्येक आकड्याला प्रतिआकडा लागतो. एकाने ‘१९११ साली तुम्ही होता कुठे?’ असे विचारले, की दुसरा शांतपणे पंजा उघडून दाखवतो. ती पाच बोटे १९७५ सालची. त्या वर्षी ३० सप्टेंबरला शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बागानचा ५-० असा धुव्वा उडवला. मोहन बागानच्या काही खेळाडूंनी चाहत्यांच्या संतापाला भिऊन ती रात्र गंगेच्या पात्रात नावेवर काढली, असे सांगतात. या पंजाला उत्तर मिळायला चौतीस वर्षे लागली. २५ ऑक्टोबर २००९ रोजी मोहन बागानने पाच गोल केले. त्यांतले चार एकट्या चिडी एडेहचे. ‘झाली फेड!’ असे घोटींनी म्हणावे, तोच समोरून उत्तर तयार: ‘पण आम्ही तीन परत केले होते. तुमच्या पाटीवर तर भोपळा होता.’

कधी कधी थट्टा अंगावरही उलटते. १३ जुलै १९९७ रोजी सॉल्ट लेकच्या क्रीडांगणात फेडरेशन कपचा उपान्त्य सामना झाला. प्रेक्षक होते १,३१,७८१. मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांनी सामन्याआधी प्रतिस्पर्ध्यांची नावे ठेवण्याचा सपाटाच लावला होता. बायचुंग भुतिया ‘चुंग-चुंग’, ओमोलो ‘ऑम्लेट’ आणि सोसो म्हणजे ‘शोशा’, अर्थात काकडी! ईस्ट बंगालचे प्रशिक्षक प्रदीपकुमार बॅनर्जी यांनी या टोमण्यांचा उपयोग आपल्या मुलांना चेतवण्यासाठी करून घेतला. सामना ईस्ट बंगालने ४-१ असा जिंकला, आणि त्यांतले तीन गोल ‘चुंग-चुंग’चे होते.

आपल्याकडे लग्नात विहिणींची पंगत बसते, तेव्हा दोन्ही पक्ष एकमेकांची यथेच्छ चेष्टा करतात. कोणाच्या नाकाची, कोणाच्या मानपानाची, कोणाच्या हावरेपणाची. परंतु ती चेष्टा सोयरीक जुळल्यावरच होते. परक्या घरी जाऊन कोणी असे बोलू लागला, तर त्याला चेष्टा म्हणत नाहीत, निंदा म्हणतात. क्रीडांगणावरच्या थट्टेचेही तसेच आहे. समोरचा उद्याही भेटणार आहे आणि उद्या आपली पाळी आहे, ही जाणीव जोवर असते, तोवर ती थट्टा राहते. ही जाणीव सुटली, की तेच शब्द दगड होतात.

ते कसे होते, हे कोलकात्याने एकदा पाहिले आहे. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर याच दोन संघांचा सामना होता. मैदानावर दोन खेळाडूंत झटापट झाली. तिचे लोण प्रेक्षकांत पोचले, आणि सज्जात शेजारी शेजारी बसलेले दोन्ही पक्षांचे लोक एकमेकांवर तुटून पडले. दगड आले, धावपळ झाली, आणि त्या चेंगराचेंगरीत सोळा जण प्राणास मुकले. खेळ पाहायला म्हणून घरून निघालेली ती माणसे होती. त्या सोळांत घोटी कोण आणि बांगाल कोण, हा प्रश्न त्या रात्री निरर्थक झाला होता. १६ ऑगस्ट हा दिवस तेथे पुढे फुटबॉलप्रेमींचा दिवस म्हणून पाळला जाऊ लागला, आणि त्या दिवशी लोक रक्तदान करू लागले. सांडलेल्या रक्ताची यापेक्षा योग्य आठवण मला तरी सुचत नाही.

क्लबांच्या या भांडणात देशाच्या संघाचे काय होते, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. त्याचे उत्तर १९६२ सालच्या जकार्ता येथील आशियाई स्पर्धांत सापडते. भारताचे प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. कर्णधार चुनी गोस्वामी आणि बचावपटू जर्नेलसिंग हे मोहन बागानचे. सिकंदराबादचा तुळसीदास बलराम आणि रामबहादूर हे ईस्ट बंगालचे. कोलकात्यात ज्यांच्या नावाने दोन तट पडत, ते एकाच रंगाच्या सदऱ्यात उभे राहिले. जर्नेलसिंगच्या डोक्याला टाके पडले होते, म्हणून रहीमसाहेबांनी त्याला बचावातून काढून आघाडीला खेळवले. ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात प्रदीपकुमार बॅनर्जी आणि हाच जर्नेलसिंग यांच्या गोलांनी भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवले. क्रीडांगणातील प्रचंड जमाव भारताच्या विरुद्ध ओरडत होता. अशा वेळी पाकिस्तानच्या हॉकी संघातील खेळाडू भारताला प्रोत्साहन देत होते, असे त्या सामन्यातील आपले खेळाडू पुढे सांगत. आदल्याच दिवशी त्याच हॉकी संघाने सुवर्णपदकाच्या सामन्यात भारताला हरवले होते. एकमेकांशी जन्मभर झुंजणारे कधी कधी एकमेकांना किती ओळखून असतात, याचे हे उदाहरण.

ते वैभव टिकले नाही. भारत विश्वचषकाच्या मुख्य स्पर्धेत अजून एकदाही खेळलेला नाही. १९५० साली संधी चालून आली असता आपला संघ ब्राझीलला गेलाच नाही. मग विश्वचषक आला, की आपले लोक उसना देश घेतात. गोव्यात कोणी पोर्तुगालचा झेंडा लावतो. कोलकात्यात एक गल्ली ब्राझीलची, तर दुसरी अर्जेंटिनाची. १९७७ साली पेले स्वतः ईडन गार्डन्सवर मोहन बागानविरुद्ध खेळून गेला, तेव्हा त्या प्रेमाला थोडा आधारही आहे. २०१४ साली ब्राझील जर्मनीकडून ७-१ असा हरला, आणि अर्जेंटिनाच्या गल्लीला कित्येक वर्षे पुरेल इतका दारूगोळा मिळाला. २०२२ च्या नोव्हेंबरात सौदी अरेबियाने अर्जेंटिनाला नमवले, तेव्हा हसण्याची पाळी ब्राझीलच्या गल्लीची होती. महिना उलटण्याच्या आत ब्राझील घरी गेला होता आणि अर्जेंटिना जगज्जेता झाला होता. या उसन्या भांडणातही मौज आहे, नाही असे नाही. परंतु दुसऱ्याच्या लग्नातील मानपानावरून आपण किती रुसायचे?

या प्रश्नाचे सर्वांत हृद्य उत्तर मुंबईत मिळाले. १ जून २०१८ रोजी अंधेरीच्या क्रीडांगणात भारताने चिनी तैपेईला ५-० असे हरवले. कर्णधार सुनील छेत्रीने तीन गोल केले. ते पाहायला माणसे होती २,५६९. दुसऱ्या दिवशी छेत्रीने हात जोडून एक आवाहन केले. त्याचा आशय असा, की आम्ही युरोपातील संघांच्या तोडीचे नाही हे आम्हाला ठाऊक आहे. पण या, आम्हाला नावे ठेवा, आमच्यावर ओरडा, आमची टिंगल करा. पण ती क्रीडांगणात येऊन आमच्या तोंडावर करा. ४ जूनच्या केनियाविरुद्धच्या सामन्याची सारी तिकिटे खपली. छेत्रीचा तो शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता आणि तो भारताने ३-० असा जिंकला.

श्रोतेहो, देशाचा कर्णधार लोकांकडे टाळ्या मागत नाही, थट्टा मागतो, यातले दुःख आपण ओळखले पाहिजे. ज्या संघाची टिंगल होते, त्याचे कोणीतरी आहे. ज्याच्या हरण्याने कोणाच्या घरी चूल थंडावत नाही आणि जिंकण्याने कोणाच्या घरी मासा शिजत नाही, तो संघ पोरका.

शेवटी पुन्हा कोलकात्याकडे वळतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तेथील एका सरकारी रुग्णालयात एका तरुण डॉक्टर मुलीवर बलात्कार करून तिची हत्या करण्यात आली आणि सारे शहर हादरले. १८ ऑगस्टला ड्युरँड कपमध्ये मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा सामना व्हायचा होता. तो रद्द झाला. तरीही लोक सॉल्ट लेकच्या क्रीडांगणाबाहेर जमले. हिरव्या-तांबड्या सदऱ्यातले आले, लाल-सोनेरी सदऱ्यातले आले, मोहमेडन स्पोर्टिंगचेही आले. एका क्लबाचा माणूस दुसऱ्याच्या खांद्यावर चढून त्या मुलीसाठी न्याय मागत होता. पोलिसांच्या लाठ्या आल्या, तेव्हा सदऱ्याचा रंग पाहून कोणी कोणाला सोडून पळाला नाही.

शंभर वर्षे ज्यांनी एकमेकांना मनसोक्त चिडवले, त्यांना त्या दिवशी एकमेकांची ओळख करून घ्यावी लागली नाही. ती आधीच झालेली होती, मासळीबाजारात, कचेरीत आणि चहाच्या दुकानात. पुढे सामने पुन्हा सुरू झाले, आणि पंजा दाखवणारे पंजा दाखवू लागले. ते तसेच चालावे. आपणही आपल्या गावच्या मैदानावर जावे, आपल्या संघाला चार शब्द सुनवावेत, शेजाऱ्याचे चार ऐकून घ्यावेत, आणि घरी परतताना त्याच्याबरोबरच परतावे.